मुलांची उंची आणि त्यांचे घर

गोमंतकातील बालमृत्यूचे प्रमाण देशातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक आहे ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने गोव्यात जन्मणाऱ्या दर हजार अर्भकांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्यांची संख्या ५.६ दिली. त्यापूर्वीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत ती १२.९ होती. आज जवळजवळ प्रत्येक बाळंतपण रुग्णालयात होते. मुक्तीपूर्वी ज्या गावांतील बायकांना अडल्यानडल्या वेळी सुईणीखेरीज दुसरा आधार नव्हता, त्या गावांच्या दृष्टीने हा पल्ला लहान नव्हे. सरकारी पत्रके हा आकडा ठळक टाइपात छापतात, मंत्रिमहोदय तो सभासमारंभांतून सांगतात, आणि इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती त्याच पाहणीचे पुढचे पान कोणी उलटीत नाही याबद्दल. त्या पानावर असे नमूद आहे की, पाच वर्षांखालील मुलांपैकी वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले २५.८ टक्के आहेत. आधीच्या पाहणीत ती २०.१ टक्के होती. उंचीच्या मानाने रोडावलेली मुले १९.१ टक्के. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील रक्तक्षय झालेली मुले ५३.२ टक्के, पूर्वी ती ४८.३ टक्के होती. म्हणजे आमची मुले मरत नाहीत, परंतु जी जगतात त्यांच्यापैकी चौथा हिस्सा खुरटलेला आणि निम्म्याहून अधिक रक्ताने फिकट, असा याचा सरळ अर्थ होतो. पुढे येऊन गेलेल्या कोविडच्या साथीवर हे ढकलून मोकळे होता येणार नाही, कारण गोव्यातील पाहणी साथ येण्यापूर्वीच आटोपली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. अशा पाहणीत गोव्यातील सारी घरे येत नाहीत. नमुना म्हणून निवडलेली दोन हजारांच्या आतबाहेरची कुटुंबे येतात आणि त्यांतही पाच वर्षांखालील मुले असलेली घरे थोडीच. त्यामुळे वीस टक्क्यांवरून जवळजवळ सव्वीस टक्क्यांवर जी उडी दिसते, तिच्यातील काही भाग नमुन्याच्या लहानपणाचा असू शकेल. विरोधी पक्षाने या उडीचे भांडवल करू नये आणि सत्ताधाऱ्यांनी ‘नमुनाच लहान’ म्हणून ती उडवूनही लावू नये. जुना, कमी असलेला आकडाच खरा धरला तरी पाचातले एक मूल खुरटलेले राहते, आणि दरडोई उत्पन्नात देशाच्या अग्रभागी असलेल्या राज्याला तोही शोभणारा नाही.

या विषयावर चारचौघांत बोलू लागले की, कोणीतरी हमखास म्हणतो, ‘अहो, आमच्याकडची माणसे मुळातच ठेंगणी. बापाची उंची पाहा, आजाची पाहा. उगाच युरोपियन मापे लावून आमच्या पोरांना आजारी कशाला ठरवता?’ हा आक्षेप ऐकावयास बरा वाटतो, परंतु तो टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे घेतली. आपल्या देशातून दक्षिण दिल्लीतील मुले त्यात होती. निवडताना अट एवढीच होती की, घरची परिस्थिती ठीक असावी, मूल आईच्या दुधावर वाढलेले असावे, आईला धूम्रपानाची सवय नसावी, आजारपणात औषधोपचार मिळत असावा. या अटी पाळल्या गेल्या तेव्हा या सहाही देशांतील मुलांची उंची पहिली पाच वर्षे जवळजवळ सारखीच वाढली. नॉर्वेतील गोऱ्या मुलात आणि दिल्लीतील आमच्या मुलात रक्तामुळे म्हणून पडावा असा फरक नगण्य निघाला. २००६ साली जी नवी मोजपट्टी जाहीर झाली ती या मुलांवरून तयार झालेली आहे. तेव्हा उंची खुंटली असेल तर तिचे कारण घराण्यात शोधण्याआधी घरात शोधले पाहिजे.

घरात म्हणजे कोठे, याचे उत्तर त्याच राष्ट्रीय पाहणीने देशापुरते दिलेले आहे. सबंध देशात खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ३५.५ टक्के भरले. देशातील कुटुंबांचे ऐपतीप्रमाणे पाच भाग पाडले, तर सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील ४६ टक्के मुले खुरटलेली आहेत आणि सर्वांत सधन हिश्श्यातील २३ टक्के. आई शाळेतच गेलेली नसेल तर ४६ टक्के, ती बारावी किंवा त्यापुढे शिकलेली असेल तर २६ टक्के. एवढा फरक मूल पाच वर्षांचे होण्याआधीच पडलेला असतो. आणि त्यातही सधनांच्या घरी २३ टक्के का, हा प्रश्न उरतोच. दारात मोटार उभी असणे आणि मुलाच्या ताटात त्याला हवे ते पडणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. हातात पैसा आला की नाचणीची आंबील मागे पडून बिस्किटाचा पुडा पुढे येतो, हे आमच्या गावांतून आम्ही पाहतो आहोत.

गोव्याच्या बाबतीत मात्र हे असे वाटून दाखविता येत नाही. नमुना इतका लहान की, त्याचे पुन्हा पाच भाग पाडावयाचे, त्यांतून जातीजमाती वेगळ्या करावयाच्या, तालुके वेगळे करावयाचे, तर हाताशी मूठभर मुले उरतात आणि त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. म्हणून २५.८ टक्के हा आकडा आपल्यापुढे निनावी उभा राहतो. ही मुले कोणाची? काणकोण-सांगे-केपे भागातील वेळीप-गावड्यांची की सत्तरीच्या डोंगरवस्तीवरील धनगरांची? गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. त्यानंतर जन्मलेली त्यांची पहिली पिढी आता मतदानाच्या वयाची झाली, तिची उंची आधीच्या पिढीपेक्षा वाढली का? २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ज्या घरांतील ट्रक अंगणात गंजत उभे राहिले, त्या घरांत दूध कमी झाले का? भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले. ज्याच्या नावावर पुढे घर झाले आणि ज्याचे प्रकरण अद्याप मामलेदाराच्या दप्तरात आहे, त्या दोघांच्या मुलांत काही फरक दिसतो का? हे प्रश्न कोणाला वाकडे वाटतील. परंतु मुलाच्या आरोग्याची ‘सामाजिक पार्श्वभूमी’ असे जे भारदस्त शब्द अहवालांतून वापरले जातात, त्यांचा गोमंतकातील अर्थ हाच आहे.

या निनावी आकड्याला एक नाव मात्र आपल्याकडे फार लवकर चिकटविले जाते. ‘ही सारी परप्रांतीयांची मुले’ असे म्हटले की गोमंतकीय मन हलके होते. झुवारीनगर, बायणा, चिंबल येथील झोपडपट्ट्यांकडे बोट दाखविले जाते आणि विषय संपतो. आम्हांला यावर दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, हे विधान त्या पाहणीवरून सिद्ध होत नाही. ते करणाऱ्याने ते कशावरून केले हे त्याला विचारावे. दुसरी अशी की, ते सिद्ध झाले तरी आपली जबाबदारी तिळमात्र कमी होत नाही. आपल्या नव्या इमारतींच्या स्लॅबवर ज्या बाईने डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहिली, तिचे मूल त्याच इमारतीच्या पायथ्याशी वाळूच्या ढिगावर निजले होते. ते बांबोळीच्या रुग्णालयात जन्मले, येथल्या अंगणवाडीत गेले तर येथलीच अक्षरे शिकेल आणि येथेच मजुरीला लागेल. त्याला गोव्याच्या हिशेबातून वजा करण्याचे गणित आम्हांला मान्य नाही. मुंबईच्या गिरणगावात आणि गोदीत गेलेल्या आमच्याच माणसांना तेथल्या लोकांनी असेच वजा केले असते तर आपण काय म्हटले असते?

गोव्यात या दिशेने काहीच अभ्यास झाला नाही असे मात्र नव्हे. उलट, जे थोडे काम झाले ते जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत गाजले, आणि आमच्या विधानसभेत त्याचा उल्लेख क्वचितच झाला. डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात बाळंतपणासाठी नाव नोंदविलेल्या २७० स्त्रियांचा पाठपुरावा केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के स्त्रिया खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या आढळल्या, आणि त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या खिन्नतेची जी कारणे पुढे आली, ती औषधाच्या बाटलीत मावणारी नाहीत. घरातील दारिद्र्य, नवऱ्याचा मार, आणि मुलगी झाली ही गोष्ट! गोमंतक पुढारलेला, येथे मुलगा-मुलगी भेद नाही, असे आपण पाहुण्यांना सांगत असतो. म्हापशाच्या बाळंतिणींनी त्याबद्दल काय सांगितले ते या पानांवर आहे.

पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी बाळांकडे लक्ष वळविले. खिन्न मातांची मुले सहा महिन्यांची झाली तेव्हा त्यांचे वजन आणि लांबी इतर मुलांपेक्षा कमी भरली, त्यांची मानसिक वाढही मागे पडलेली दिसली. आणि इतर कारणे हिशेबातून काढून टाकल्यावरही हा संबंध शिल्लक राहिला. या निष्कर्षाचे महत्त्व आमच्या आरोग्यखात्याने अजून पुरतेपणी ओळखलेले दिसत नाही. आपण बाळाचे वजन करतो, कमी भरले की आईला आहाराचे दोन शब्द सांगतो, पिठाचे पाकीट देतो. ते पीठ शिजविण्याची, मांडीवर घेऊन घास भरविण्याची, रडणे ऐकून उठण्याची जिची उमेदच आटली आहे, तिला पाकीट देऊन काय साधणार? आमच्या जुन्या घरांतून बाळंतिणीला सव्वा महिना जपत. त्यात विटाळाच्या वेडगळ कल्पना होत्या, अंधारी खोली होती, शेगडीचा धूर होता, आणि ते सारे गेले हे बरेच झाले. परंतु तिच्याजवळ कोणी ना कोणी सतत बसलेले असे, वेळेवर पेज मिळे, अंग रगडून मिळे. फ्लॅटमध्ये एकटी असलेली किंवा कंत्राटदाराच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी बाळंतीण या आधारालाही मुकली, आणि त्याच्या जागी आपण दुसरे काही आणलेले नाही.

बाळपण सरून पौगंडावस्था आली की, आपले आकडेच संपतात. पाच वर्षांखालचे मूल अंगणवाडीच्या काट्यावर चढते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींकडे मात्र परीक्षेच्या निकालापलीकडे कोणी पाहत नाही. २०१६-१८ साली झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीने ही उणीव देशपातळीवर काहीशी भरून काढली. एक लाखाहून अधिक मुलामुलींची तपासणी त्यात झाली. पौगंडावस्थेतील मुलींपैकी ४० टक्के आणि मुलांपैकी १८ टक्के रक्तक्षयाने पछाडलेली निघाली, आणि त्याच वयोगटातील सुमारे दहांतला एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळला. एकाच वर्गात एकीला रक्त नाही आणि दुसऱ्याच्या रक्तात साखर वाढते आहे; दोघांनाही शाळेच्या दारावरचा गाडा तोच वडापाव विकतो.

गोव्यातील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींच्या मनःस्वास्थ्याचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. शहरी प्रभाग आणि ग्रामीण वस्त्या निवडून २,०४८ मुलामुलींशी बोलून तो केलेला होता. मानसिक विकार ठरावा अशी अवस्था १.८१ टक्के मुलांत आढळली. अन्य देशांतील आकड्यांच्या मानाने हे प्रमाण पुष्कळच कमी आहे, आणि ज्या मुलांना अडीअडचणीत प्रथम घरच्यांचा आधार वाटत होता त्यांच्यात ते आणखी कमी निघाले. कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना यात आनंद वाटेल, आणि वाटावा. त्याच अभ्यासात असेही दिसले की, वरचेवर पार्ट्यांना जाणे, सिनेमा, मौजेखातर बाजारात भटकणे, मित्रमैत्रिणींचे ‘प्रकरण’ असणे, अशा परंपरेबाहेरच्या राहणीच्या मुलांत विकाराचे प्रमाण अधिक होते. हे वाक्य वाचून अनेक पालकांच्या तोंडी ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ असे उद्गार येतील, म्हणून आम्ही येथे जरा थांबतो. एका वेळी घेतलेल्या पाहणीत आधी काय आणि मागाहून काय हे उलगडत नाही. बाहेर भटकल्याने मूल बिघडले, की घरात जीव रमेना म्हणून ते बाहेर भटकू लागले, याचा निवाडा त्या आकड्यांवरून करता येत नाही.

आणि याच यादीत आणखी काही गोष्टी आहेत, त्या आपण सोयीस्करपणे वगळू नयेत. मारहाण आणि शिवीगाळ सोसलेली मुले, अभ्यासात मागे पडणारी मुले, ज्यांना आपला शेजार सुरक्षित वाटत नाही ती मुले, तंबाखूकडे वळलेली मुले, आणि मुलगी म्हणून दुय्यम वागणूक मिळालेल्या मुली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील छडी बेकायदा ठरविली. घरातील पट्टा, आणि ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे रोजचे वाक्य, यांना कोणताच कायदा पोचत नाही. सिनेमाला दोष देणारे बाप पुष्कळ भेटतात. आपल्या हाताकडे पाहणारे थोडे.

आधी काय आणि मागाहून काय हे जाणून घ्यावयाचे तर मुलांच्या मागून वर्षानुवर्षे चालावे लागते. शेतात एकदा जाऊन कणसे मोजणे निराळे आणि पेरणीपासून मळणीपर्यंत त्याच शेताच्या बांधावर उभे राहणे निराळे. ब्रिटनने हे काम हाती घेतले ते सुबत्तेच्या काळात नव्हे. महायुद्ध नुकतेच संपले होते, अन्नधान्य रेशनवर होते, शहरे बॉम्बहल्ल्यांनी पडलेली होती. अशा वेळी, १९४६ च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये ज्या बायका बाळंत झाल्या त्यांपैकी १३,६८७ जणींची माहिती डॉ. जेम्स डग्लस यांनी आरोग्यसेविकांकरवी गोळा केली. मुळात प्रश्न साधा होता, बाळंतपणाला खर्च किती येतो आणि लोक मुले कमी का होऊ देतात. परंतु डग्लस तेथे थांबले नाहीत. त्यांतील ५,३६२ मुले निवडून त्यांचा मागोवा त्यांनी चालू ठेवला आणि त्यांच्यानंतर इतरांनी तो पुढे नेला. मजुरांच्या घरची मुले उंचीने कमी राहतात, धुरकट शहरांतील मुलांना छातीचे विकार अधिक होतात, बुद्धीने तल्लख असूनही कामगाराचे मूल अकराव्या वर्षीच्या चाचणीच्या सुमारास मागे पडू लागते, आणि जन्मतः वजन कमी असलेल्यांचा रक्तदाब चाळिशीकडे झुकताना अधिक भरतो, या साऱ्या गोष्टी त्या एका आठवड्यातील मुलांनी वाढता वाढता सांगितल्या. ती मुले आता वृद्ध झाली. पुढे १९५८, १९७० आणि २००० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचे असेच गट तेथे निवडले गेले.

असे ज्ञान सत्ताधाऱ्यांना नेहमी रुचतेच असे नाही. सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीने १९८० साली ब्रिटिश सरकारला जो अहवाल दिला त्यात असे दाखविले होते की, १९४८ पासून सर्वांना मोफत वैद्यकीय सेवा मिळू लागल्यावरही वर्गावर्गांतील आरोग्याचे अंतर मिटलेले नाही. निवृत्तीचे वय गाठण्याआधी मरण येण्याचा संभव अकुशल मजुराला उच्च व्यावसायिकापेक्षा सुमारे अडीच पटींनी अधिक होता. यावर उपाय म्हणून समितीने मुलांसाठी भत्ता, शाळेतील जेवण, घरे यांवर खर्च सुचविला. सरकारने काय करावे? अहवालाच्या अवघ्या २६० चक्रमुद्रित प्रती काढल्या आणि त्याही ऑगस्टमधील सुट्टीच्या तोंडावर, म्हणजे वर्तमानपत्रांत कोणी वाचणार नाही अशा बेताने, प्रसिद्ध केल्या. परिणाम उलटा झाला, आणि अहवाल जगभर गाजला. मोफत रुग्णालय आवश्यक आहे, आणि गोव्यातील रुग्णालयांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वी मुलाच्या शरीरावर जे लिहिले जाते ते खोडून काढणे रुग्णालयाच्या हाती नसते.

दूर कशाला, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि के. ई. एम. रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच अभ्यास सुरू केला. स्त्रियांची नोंद त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून केली हे त्याचे वैशिष्ट्य. त्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. परंतु अंगाचा जो भाग कमी होता तो स्नायूंचा व अवयवांचा; चरबी त्या मानाने राखून ठेवलेली होती. मूल किडकिडीत दिसते आणि आतून लठ्ठ असते, पुढच्या मधुमेहाचे बी तेथे असते, असा त्याचा अर्थ लावला गेला. ज्या आया गरोदरपणी पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर घेत त्यांची बाळे अधिक चांगली भरली. ज्यांना शेताची, विहिरीच्या पाण्याची आणि घराची कष्टाची कामे अखेरपर्यंत उपसावी लागली त्यांची हलकी भरली. पालेभाजी काही सोन्याच्या मोलाची वस्तू नव्हे. ती कोणाच्या ताटात शेवटी पडते आणि घागर कोणाच्या कमरेवर चढते, हा मात्र घरातील मानाचा प्रश्न आहे. घरातील बायकांनी सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवण्याची रीत आमच्या देवाधर्माच्या घरांतूनही पुरती गेलेली नाही. वाचकांनी आपापल्या स्वयंपाकघराकडे नजर टाकावी.

तेव्हा आमची सूचना अशी. गोवा लहान आहे, आणि येथे हे लहानपण उपयोगी पडणारे आहे. बाळंतपणे जवळजवळ सारी रुग्णालयांत होतात, रस्ता बहुतेक वाड्यांपर्यंत पोचला आहे, अंगणवाड्यांचे जाळे आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठात समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा विभाग आहे. एखाद्या वर्षातील एका महिन्यात येथे जन्मणारी सारी मुले घ्यावीत, भाटकाराची, मुंडकाराची, मच्छीमाराची, हॉटेलात भांडी घासणाऱ्याची, आखातात गेलेल्या बापाची आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या मजुराचीही, आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्यामागे जावे. वजन आणि उंचीच्या रकान्यांशेजारी आणखी काही रकाने असावेत. आई किती शिकली, तिचे मन कसे आहे, मूल दिवसा कोणापाशी असते, बापाची मिळकत कोणती व ती किती महिने चालते, घर कोणाच्या नावावर आहे, पाणी कोठून येते, घरात दारू आहे का. महाविद्यालयाचे विद्यार्थी हे काम करतील आणि करता करता डॉक्टर म्हणूनही शहाणे होतील.

जात विचारल्याने जातीयता वाढेल असा आक्षेप येईल. नाव गुप्त ठेवून विचारलेल्या जातीने ती वाढत नाही. ती न विचारल्याने मात्र ज्या जातीची मुले मागे आहेत त्यांचे मागे असणे झाकले जाते. खर्चाचा आक्षेप येईल. महोत्सवांवर आणि त्यांच्या मंडपांवर होणाऱ्या खर्चाकडे पाहता तो आम्ही गंभीरपणे घेऊ इच्छीत नाही. बाहेरगावचे मजूर वर्षभरात निघून जातील, त्यांच्यामागे कसे जाणार, हा आक्षेप मात्र खरा आहे. जी मुले निघून जातील त्यांची नोंद ‘गेली’ अशी तरी होईल, आणि किती गेली, का गेली, शाळेच्या कोणत्या इयत्तेतून गेली, हेही कळणे आज कळते त्यापेक्षा अधिकच आहे.

अभ्यासाचे निष्कर्ष येईपर्यंत अठरा वर्षे हातावर हात ठेवून बसावे असे आम्ही सुचवीत नाही. शाळांतील माध्यान्ह आहाराचे पावभाजीचे ताट महिला बचतगट पुरवितात. दर मुलामागे त्यांना जी रक्कम मिळते तिच्यात कडधान्य किती आणि पाण्यासारखा रस्सा किती बसतो हे शिक्षणखात्याने एकदा स्वतः शिजवून पाहावे, आणि त्यांची बिले महिनोन्‌महिने अडतात ही जुनी तक्रार निकाली काढावी. बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या सेविकेच्या कागदावर तिच्या मनाबद्दलचे दोन प्रश्न छापण्यास नवा कायदा लागत नाही. बांधकामाच्या ठिकाणी पाळणाघर असावे ही अट परवान्यात घालण्यास, आणि ते आहे की नाही हे पाहण्यास एक निरीक्षक पुरतो. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात आरोग्याच्या मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा बालमृत्यूचा आकडा पुन्हा सांगितला जाईल. त्या वेळी सत्तरी, सांगे, काणकोण आणि मुरगाव या तालुक्यांच्या आमदारांनी उठून एवढेच विचारावे की, आपल्या तालुक्यातील पाच वर्षांखालील मुलांची उंची गेल्या दहा वर्षांत किती वाढली आणि कोणाच्या मुलांची वाढली नाही.